अर्ध्या तासाची शिदोरी

आमच्या घरी माळ्यावर एक जुना पितळी डबा पडून आहे. एकावर एक बसणाऱ्या तीन वाट्या, त्यांना धरून ठेवणारी कडी, आणि वरच्या झाकणावर तांबड्या रंगाने काढलेली दोन अक्षरे व एक फुली. हा डबा एके काळी रोज दादरहून फोर्टात जात असे व रिकामा होऊन परत येत असे, एवढे घरातील सर्वांस ठाऊक आहे. पण त्या फुलीचा अर्थ आता कोणास सांगता येत नाही. डबा वाहणारा कोण होता हे कोणाच्या लक्षात नाही. डबा खाणारे आमचे आजोबा. त्यांची तसबीर भिंतीवर आहे. डबा भरणाऱ्या आजीची तसबीर मात्र कोणी काढून घेतलीच नाही.

डब्यासंबंधी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु ते बहुतेक सारे वाहणाऱ्यांविषयी. आम्हांस येथे थोडा निराळा विचार मांडावयाचा आहे. आमच्या मते डब्याचा इतिहास हा पितळेचा नव्हे, अन्नाचाही नव्हे. तो घड्याळाचा इतिहास आहे. कामाच्या ठिकाणी दुपारी मिळालेला थोडा वेळ, आणि त्यासाठी घरी पहाटे खर्ची पडलेला वेळ, अशा दोन वेळांचा तो जमाखर्च होय.

डब्याच्या आधी शिदोरी होती. फडक्यात बांधलेली भाकरी, तीवर चटणी किंवा ठेचा, सोबत कांदा. एवढ्यावर आमच्या देशातील वाटसरू, शिपाई आणि शेतकरी ह्यांनी शतके काढली. शेतावरची न्याहारी डोक्यावर पाटी घेऊन घरची बाई आणी, आणि ती बांधावर दिसली की औत थांबे. तेथे भूक हेच घड्याळ. गोकुळातील सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या त्याचा सोहळा आपण दरसाल करतो. पण प्रत्यक्ष व्यवहारात कोणाच्या हातचे कोणी खावे ह्याचे नियम इतके कडक होते की, काला वर्षातून एकदा, तोही देवाच्या नावानेच, शक्य होत असावा.

इंग्रजांची सँडविच ही शिदोरीची दूरची बहीण म्हणावी. सँडविचच्या अर्लसाहेबांस जुगाराच्या टेबलावरून उठावयाचे नव्हते म्हणून त्यांनी पावाच्या दोन कापांत मांस घालून मागविले, अशी कथा आहे; ते लिहिण्याच्या टेबलावरून उठत नव्हते असे त्यांची बाजू घेणारे म्हणतात. ते काही असो. गिबन ह्या इतिहासकाराच्या रोजनिशीत १७६२ साली हा शब्द आलेला आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, सँडविच हे न उठता खाण्याचे अन्न आहे. एक हात पत्त्यांवर, दुसरा तोंडाकडे. आमच्या डब्याचे तसे नाही. त्यासाठी उठावे लागते, हात धुवावे लागतात, बसावे लागते, वाट्या मांडाव्या लागतात. काम चालू ठेवून सँडविच खाता येते. डबा खाण्यास काम थांबवावे लागते. आणि काम थांबवावयाचे कोणी, हा प्रश्न मुंबईत फार लवकर उभा राहिला.

कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत सुताच्या गिरणीची कंपनी काढली व १८५६ पासून ती चालू झाली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची धुरांडी वाढत गेली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्याने मुलांपुरती काही व्यवस्था केली. परंतु प्रौढ कामगाराने दुपारी केव्हा व किती वेळ जेवावे ह्याविषयी तो कायदा गप्प होता.

अशा वेळी १८८४ सालच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. लोखंडे हे ज्योतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातील, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि गिरणीत स्वतः नोकरी केलेले. सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवण्यासाठी जो अर्ज तयार झाला त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुटी द्यावी, ही पहिली. दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी, ही दुसरी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे; मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा; कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत मजुरी चालू राहावी. पगाराचीही आठवण ज्यांना चौथ्या क्रमांकावर होते, त्यांना अर्ध्या तासाची निकड किती असेल!

१८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कायद्याने दुपारी अर्धा तास काम थांबविणे आवश्यक ठरविले. आता अर्धा तास म्हणजे किती? अंगावरचे व केसांतले कापसाचे तंतू झटकावयाचे, पाण्याशी आपली पाळी यावयाची, जागा धरावयाची, फडके सोडावयाचे. त्यातून घास चावण्यास उरतील ती मिनिटे आपली. शिवाय कोणी कोणाच्या शेजारी बसावे व कोणत्या पिंपातले पाणी प्यावे, हे प्रश्न गावाहून कामगारांबरोबरच गिरणीत आलेले. साचेखात्यात अस्पृश्यांस शिरकाव नव्हता. कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, आणि एकाचे उष्टे दुसऱ्यास चालत नसे, हे त्याचे कारण. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी ह्या गोष्टीकडे पुढाऱ्यांचे लक्ष वेधले. वाफेचे यंत्र अर्धा तास थांबले. ते दुसरे यंत्र जेवणाच्या सुटीतही चालूच होते.

हे दुसरे यंत्र केवळ गिरणगावातच होते असे मात्र कोणी समजू नये. ज्या १८९० साली मुंबईच्या कामगारास रविवार मिळाला, त्याच साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उद्भवले. रानडे, टिळक ह्यांच्यासारख्यांची नावे गोपाळराव जोशी ह्यांनी वृत्तपत्रात छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि एका पेल्यावरून शहाण्यांच्या घरी प्रायश्चित्तांची चर्चा झाली. पुण्यात चहाची ही कथा, तर मुंबईच्या कचेरीत दिवस काढणाऱ्या कारकुनाने दुपारी खावे काय? पाव खावा, तर तो कोणी मळला आणि ताडी घालून फुगविला काय, ही शंका. खानावळीत जावे, तर आचारी कोण ही चौकशी. घरचा डबा हाच एक निर्धोक मार्ग. आज आपण घरच्या अन्नाची थोरवी प्रकृतीच्या नावाने गातो; तेव्हा ती बरीचशी सोवळ्याच्या नावाने गाइली जात होती, हे विसरू नये.

योगायोग असा की, मुंबईतील डबेवाल्यांचा धंदाही १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केला असे डबेवाल्यांच्या परंपरेत सांगतात. ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींतून निघाल्या असे आमचे म्हणणे नाही. परंतु दुपारच्या घासाचा प्रश्न त्या काळी सर्व थरांत एकदमच टोचू लागला होता, एवढे त्यावरून दिसते.

डबेवाल्यांच्या व्यवस्थेचे वर्णन वाचकांनी अनेकदा वाचले असेल. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या भागांतील ही माणसे, बहुतेक वारकरी. डब्यावरील रंगीत खुणांवरून स्टेशन, इमारत व मजला ओळखावयाचा, आणि एका हातातून दुसऱ्या हातात असा डबा ठिकाणी पोहोचवावयाचा. १९५६ साली त्यांचा ट्रस्ट झाला. पुढे ऐन भरात सुमारे पाच हजार माणसे दोन लाखांच्या आसपास डबे रोज पोहोचवीत असल्याचे सांगितले जाई. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांस भेटून गेले. व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी त्यांच्या अचूकपणावर व्याख्याने दिली. ती रास्तच आहेत; पण एक साधा प्रश्न आम्ही त्या व्याख्यानांत ऐकला नाही. कारकुनाने आपला डबा आपणच का नेला नाही?

गर्दी हे एक कारण खरे. पण खरे कारण चुलीपाशी आहे. नोकरदार साडेआठास घर सोडी, तर डबेवाला साडेनवाच्या पुढे दारी येई. म्हणजे डबेवाला जे वाहत होता ते केवळ अन्न नव्हते. त्याने घरच्या बाईस एक तास मिळवून दिला होता. ज्या घरी कोळशाची शेगडी, तेथे ह्या तासाचे मोल काय हे ज्याने शेगडी पेटविली आहे त्यासच कळेल. निखारे धरेपर्यंत वारा घालीत बसावयाचे. मग वरण, मग भात, मग पोळ्या. तो एक तास नसता तर पहाटे चारास उठावे लागले असते. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावू लागली, पुढे उपनगरे दूर दूर पसरली, आणि घरधन्याची निघण्याची वेळ अलीकडे आली. तरी डबा मागून येत असल्यामुळे ह्या ओढाताणीचा काही भार डबेवाल्याच्या डोक्यावर पडला. ज्यांना त्याचा महिना परवडत नव्हता, त्यांच्या घरी तो सारा पहाटेवर पडला.

पितळेच्या डब्याचे निराळे शास्त्र होते. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकावयाचे. म्हणून ताक, चिंचेची आमटी, कोशिंबीर ह्यांना मज्जाव, व कल्हईवाल्याची हाक आली की प्रथम डबा बाहेर. रस्सा सांडून सारे भिजू नये म्हणून भाजी कोरडी. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा डब्यातील पोळ्या मोजून ठेवाव्या लागल्या. आमच्या आजीने ह्या वर्षांत स्वतः काय खाल्ले हे आम्ही एकदा विचारले असता, "डबा जात होता ना वेळेवर," एवढेच उत्तर मिळाले.

ज्याचे बिऱ्हाडच गावी, त्याचा डबा कोण भरणार? रत्नागिरीकडून व साताऱ्याकडून आलेले हजारो गिरणीकामगार एका खोलीत दहा-बारा जण राहात. त्यांच्यासाठी चाळीचाळींत खानावळी होत्या, आणि त्या चालविणाऱ्या बहुधा बायका होत्या. नवऱ्याची नोकरी गेली, किंवा नवराच गेला, म्हणून ह्या धंद्यात उतरलेल्या. पगार झाल्यावर पैसे, तोवर उधारी. संप झाला की खानावळवालीचीच परीक्षा. वाण्याकडे अंगावरचे किडूकमिडूक ठेवून तिने संपकऱ्यांस जेवू घातले. ही स्थिती पाहून प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व ह्या बायकांस सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी केली. पुढे १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि गिरण्यांबरोबर त्यांची जेवणघरेही ओस पडली. संपाच्या इतिहासात मालक आहेत, सरकार आहे, पुढारी आहेत. कामगारांकडे थकलेल्या उधारीची वही कोठे आढळत नाही.

१९५५ साली मुंबईत घरगुती गॅस विक्रीस आला. मागोमाग कुकर आले, स्टेनलेस स्टील आले, कल्हई गेली. वाचलेला वेळ गृहिणीस विश्रांतीसाठी मिळाला असता, तर आमचा हा लेख येथेच आनंदाने संपला असता. पण तोवर तीही नोकरीस बाहेर पडली होती. आता ओट्यावर दोन डबे, शाळकरी मुलांचे आणखी दोन. त्यांत तिचा स्वतःचा सर्वांत शेवटी भरला जाई, कडेच्या मोडक्या पोळीचा. मुलांच्या डब्यात हिरवी चटणी लावलेले पावाचे काप शिरले ते ह्याच घाईत. ज्या पावाने एके काळी जात जावयाची, त्याने आता सात-पाचाची गाडी मिळू लागली. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य ह्यांनी वडापाव विकण्यास आरंभ केला असे सांगतात; चालता चालता खाता येणारे हे अन्न लोकांस इतके पसंत पडले की, लोखंड्यांनी मागून घेतलेला अर्धा तास पुष्कळांनी आपण होऊनच परत केला.

२०२० च्या मार्चअखेर महामारीमुळे लोकल गाड्या बंद झाल्या आणि डबेवाले गावी परतले. कचेऱ्या घरात आल्या. आमच्या घरीही दुपारी एकास सर्वजण ताटावर बसू लागले. डबा भरावयाचा नव्हता, तरी पोळ्या गरम हव्यात म्हणून कोणीतरी ओट्याशी उभे असे. त्या दिवसांत रिकामपणी आम्ही माळ्यावरचा पितळी डबा खाली काढून चिंचेने घासला. पितळ उजळले, आणि झाकणावरची तांबडी फुली त्याबरोबर निघून गेली.