सहल, वाटाड्या आणि मागे राहणारी माणसे



आपल्या मंडळात सहलीचा विषय निघाला की पहिली चर्चा होते ती जागेची. महाबळेश्वर की गणपतीपुळे, अजिंठा की हंपी, यावर दोन बैठका सहज खर्ची पडतात. तिसरी बैठक वर्गणीची. किती जणींनी जावयाचे आणि कोणाच्या मागून जावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा बसचा मालकच सोडवून टाकतो. बसमध्ये आसने पन्नास, म्हणून बायकाही पन्नास! माझे मत असे की विचार याच्या अगदी उलट क्रमाने व्हावा. हे मत केवळ हौसेचे नाही. लोकांनी जमावाने फिरावयास जाण्याचा जो इतिहास आहे, तो थोडासा चाळल्यावर ते बनले आहे, आणि तो इतिहास आपणांसही रंजक वाटेल, म्हणून येथे मांडते.

सहली काढण्याचा धंदा ज्याने जगाला शिकविला तो टॉमस कुक हा इंग्रज मूळचा सुतारकामाचा कारागीर, आणि दारूबंदीचा कडवा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरो या गावी सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. अंतर अवघे अकरा मैल, भाडे एक शिलिंग, आणि निमित्त दारूबंदीच्या सभेचे. मौज अशी की ज्या धंद्याला पुढे चैनीचे रूप आले, त्याचा आरंभ असा निर्व्यसनी होता. पाचशे माणसे अकरा मैल नेणे सोपे. पण १८४६ मध्ये त्याने साडेतीनशे लोकांना स्कॉटलंडला नेले तेव्हा मोठ्या संख्येचे खरे स्वरूप उघड झाले. वाटेत चहाची सोय नाही, आणि पुढे आगबोटीवर निजण्यापुरत्या जागा नाहीत. कित्येकांना ती रात्र उघड्यावर, थंडीवाऱ्यात काढावी लागली. ग्लासगोला पोहोचल्यावर वाजंत्री लावून स्वागत झाले म्हणतात. रात्रभर जागलेल्या माणसांना ते वाजंत्री कसे वाटले असेल, याची कल्पना ज्यांनी वऱ्हाडाबरोबर प्रवास केला आहे त्यांना सहज यावी.

पुढे स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी स्वस्त तिकिटे देण्याचे नाकारले, आणि कुकने आपली दृष्टी स्वित्झर्लंडकडे वळविली. १८६३ च्या जूनअखेरीस त्याची पहिली स्विस सहल निघाली. ही सहल मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एक बाई होती आणि त्या बाईने सारे लिहून ठेवले. यॉर्कशायरमधील सेल्बी गावच्या या जेमायमा मॉरेल. पॅरिसपर्यंत मोठा जमाव होता, पुढे तो कमी होत गेला, आणि खरा डोंगराळ प्रवास केला तो सात जणांच्या एका तुकडीने. चार स्त्रिया आणि तीन पुरुष. या सातांनी थट्टेने स्वतःला एका आल्पाइन क्लबचे नाव घेतले होते. पहाटे चारला उठावयाचे, कधी घोडागाडी, कधी खेचर, आणि उरलेले पायी. त्या काळचे ते घेरदार, जमिनीवर लोळणारे झगे सावरीत या बायका शामोनीजवळची हिमनदी ओलांडून गेल्या, गेम्मीची अवघड खिंड चढून गेल्या. लॉयकरबाडच्या गरम पाण्याच्या कुंडात लांब अंगरखे घालून तासन् तास बसलेले स्त्रीपुरुष, आणि त्यांच्यापुढे पाण्यावर तरंगणारी तबके, हे दृश्य त्यांना पाहावयास मिळाले. रीगीच्या शिखरावर त्यांनी सूर्योदयही गाठला.

आता यात कुकने काय केले? तिकिटे, मार्ग आणि वेळा यांची घडी बसवून दिली, आरंभी बरोबर राहिला, आणि मंडळी सरावली असे पाहून स्वतः मधूनच परतला. हे मला फार शहाणपणाचे वाटते. काही सहलनेते असे असतात की शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला स्वतःच्या बुद्धीने एक कप चहासुद्धा मागू देत नाहीत! त्या काळी एकट्यादुकट्या बाईने परदेशी जाणे लोकांच्या डोळ्यावर येई. 'कुकच्या मंडळींबरोबर गेली आहे' एवढे म्हटले की घरच्यांची हरकत मिटत असे, आणि त्याच्या सहलींत पुरुषाच्या सोबतीवाचून आलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असे, ती यामुळेच. जेमायमाबाईंची ती वही पुढे हरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि १९६३ मध्ये, सहलीला शंभर वर्षे झाली तेव्हा छापली गेली.

डोंगरातील वाटाड्यांचीही एक हकीगत सांगितली पाहिजे. १८२० मध्ये माँ ब्लाँ चढताना बर्फ घसरून तीन वाटाडे मेले. त्यानंतर १८२१ साली शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. काम पाळीपाळीने मिळावे आणि मेलेल्याच्या घरच्यांना काही आधार असावा, ही तिची कलमे होती. वाटाड्याच्या जिवाची किंमत धरणाऱ्या गावातच प्रवाशाचा जीवही सुरक्षित राहतो, असे मला वाटते.

कुकच्या सहलींची टिंगलही भरपूर झाली. १८६५ मध्ये चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराने टोपणनावाने लिहिले की इटलीच्या रस्त्यांतून चाळीस चाळीस माणसांचे कळप हिंडतात आणि त्यांचा म्होरक्या कधी पुढे, कधी मागे, धनगराच्या कुत्र्यासारखा त्यांच्याभोवती फेऱ्या घालतो. त्याचा हेतू हिणवण्याचा होता. पण चाळीस माणसांच्या म्होरक्याला खरोखर दुसरे काही करता येत नाही! सगळा वेळ मोजदादीत जातो. देऊळ कोणी बांधले हे सांगावयास त्याला उसंत कोठून मिळणार? कुकलाही हे कळले असावे. १८७२ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणेची पहिली सहल काढली तेव्हा बरोबर जेमतेम दहाच्या आसपास माणसे होती. २२२ दिवसांच्या त्या प्रवासात ही मंडळी कलकत्त्याहून काशी, आग्रा, दिल्ली करीत आपल्या मुंबईसही आली होती. पुढे त्याच्या नावाची कंपनी अवाढव्य झाली, आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी एकाएकी बुडाली. तेव्हा परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख माणसांना ब्रिटिश सरकारला घरी आणावे लागले.

पण कुकची एवढी वाखाणणी करताना घरचे विसरून चालणार नाही. पंढरीच्या वाटेवर आपल्याकडे याहून जुनी शाळा भरत आली आहे. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. हे शिंद्यांच्या पदरी राहिलेले गृहस्थ, त्यामुळे लष्करी बेताची जाण त्यांना होती. हजारोंचा तो समुदाय दिंड्या-दिंड्यांत विभागलेला असतो, आणि माणूस समुदायात हरवला तरी दिंडीत सापडतो. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. सर्वांत मला आवडते ती संध्याकाळच्या समाजआरतीची रीत. चोपदार आपला चोप उंच धरतो आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीला तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवीतच राहावयाचे. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि मगच ते टाळ शांत होतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि उद्या निघण्याच्या वेळेची वर्दी दिली जाते, आणि मग आरती. दिवसभराचे गाऱ्हाणे त्याच संध्याकाळी, सर्वांदेखत, आणि आरतीच्या आधी! आपल्या सहलींत गाऱ्हाणी बाहेर पडतात ती घरी आल्यावर, तीही हळदीकुंकवाला.

दिंडीतही उणे होते, ते इरावतीबाई कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात मनाला लागेल असे लिहिले आहे. त्यांच्या दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी एकच अभंग म्हणत चालत; मुक्कामी पंगती मात्र वेगळ्या. बाईंनी दोन्हीकडे जेवण घेतले. त्या जेवणानंतर मराठा बाया त्यांच्या जवळ येऊन हात धरून चालू लागल्या, घरचे सुखदुःख सांगू लागल्या, आणि शेवटी शेवटी त्यांना 'ताई' म्हणू लागल्या. बरोबर चालून जे झाले नव्हते ते एका जेवणाने झाले. आता आपल्या बसमध्ये कोणी जात विचारीत नाही हे खरे. पण पुढच्या आसनांवर कोण, मागच्यांवर कोण, आणि कोणाचा डबा कोणापुढे उघडतो, हे ज्यांनी डोळे उघडे ठेवले आहेत त्यांना मी वेगळे सांगावयास नको. पन्नासांच्या सहलीत हे झाकून जाते. पंधरा-वीस जणींत ते झाकता येत नाही.

म्हणून यंदाच्या सहलीसाठी मी समितीला लेखी सूचना दिली आहे. वीस नावांवर यादी थांबवावी. उरलेल्यांची दुसरी तुकडी पंधरवड्याने निघावी. याने वर्गणी वाढेल हे उघड आहे, आणि ज्यांना ती झेपणार नाही त्यांची नावे गुपचूप गळू नयेत यासाठी वाढीव रक्कम मंडळाच्या निधीतून घालावी, असेही लिहिले आहे. कोषाध्यक्षबाई यावर अजून बोललेल्या नाहीत. चालण्याचा वेग गुडघे दुखणाऱ्या भगिनींनी ठरवावा आणि सहलप्रमुखाने दिवसातून एकदा तरी सर्वांत मागे चालावे. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी सर्वांनी गोल बसून दिवसाचे बोलून घ्यावे. टाळ नाहीत, तर चमचा कपावर वाजवावा. आणि पहिल्या दिवशीचे जेवण सर्वांचे डबे एकत्र ओतून व्हावे. पुरणपोळी कोणाच्या वाट्याला आली आणि ठेचा कोणाच्या, ते नशीब!