मिनार्स्की, अँड्रू चार्ल्स

(१४ ऑक्टोबर १९१६ – १३ जून १९४४). कॅनडाच्या शाही हवाई दलातील बॉम्बफेकी विमानावरचा गनर आणि व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचा मरणोत्तर मानकरी. पोलंडहून येऊन कॅनडात स्थायिक झालेल्या कुटुंबात, मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग येथे त्याचा जन्म झाला. वडील लवकर निवर्तल्याने कोवळ्या वयातच प्रपंचाचा भार त्याच्यावर पडला व तो केसाळ कातड्यांची वस्त्रे बनविण्याच्या धंद्यात शिरला. १९४१ मध्ये तो हवाई दलात दाखल झाला.

१९४४ च्या वसंत ऋतूत, इंग्लंडच्या डरम परगण्यातील मिडलटन सेंट जॉर्ज येथील तळावर, ४१९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये त्याची तैनाती झाली. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानावर सात असामी असत. मिनार्स्कीची जागा पाठीवरच्या फिरत्या बुरुजात, तर शेपटीतल्या बुरुजात, इतर सहांपासून दूर व एकाकी, पॅट ब्रोफी बसे. ब्रोफी हुद्द्याने वरचा. म्हणून निरोप घेताना खोट्या अदबीने त्याला सलाम ठोकून ‘गुड नाइट, सर’ म्हणण्याचा मिनार्स्कीचा नेम होता, आणि स्नेहातून उपजलेल्या या थट्टेला पुढे जो अर्थ प्राप्त झाला, त्याची त्या दोघांना तेव्हा कल्पनाही नव्हती.

नॉर्मंडीत दोस्त फौजा उतरून आठवडा लोटला नव्हता. जर्मनांची कुमक तेथवर पोचू नये म्हणून रेल्वेची ठाणी उद्ध्वस्त करण्याचे सत्र चालू होते, आणि १२ जूनच्या रात्री त्यांच्या विमानाला उत्तर फ्रान्समधील कांब्रे हे लक्ष्य नेमून दिलेले होते. जर्मन लढाऊ विमानाच्या माऱ्याने डावीकडची दोन्ही इंजिने निकामी झाली, पंखाने व विमानाच्या पोटाने पेट घेतला आणि वैमानिकाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की उडी टाकण्याच्या दाराशी पोचलाही होता. परंतु मागे ब्रोफीचा बुरूज जाम होऊन तो आत अडकला आहे, हे दिसताच तो ज्वाळांतून रांगत मागे फिरला. प्रथम कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी, तो त्या लोखंडाशी झटला. त्याची वस्त्रे व हवाई छत्री पेटली होती. काही उपाय नाही असे पाहून ब्रोफीनेच त्याला परत जाण्याविषयी खुणावले. तेव्हा तो पाठ न दाखविता मागे सरकत गेला, दाराशी सावध उभा राहिला, त्याने सलाम केला आणि ओठ हलवून काही उच्चारले. ते नेहमीचेच शब्द होते, असे ब्रोफी पुढे सांगत असे. जळत्या छत्रीनिशी तो जमिनीवर उतरला खरा, परंतु भाजल्याच्या जखमांनी थोड्याच वेळात त्याचा अंत झाला.

विमान कोसळताना बुरूज तुटून ब्रोफी बाहेर फेकला गेला व आश्चर्य असे, की वाचला. उरलेले पाचही जण बचावले, परंतु विमानाच्या शेपटीत काय घडले, हे पाहणारा ब्रोफी एकटाच होता; त्यामुळे पदकाच्या शिफारशीचा सारा आधार त्याच्या जबानीवर राहिला, आणि ११ ऑक्टोबर १९४६ रोजी पदक जाहीर झाले. ब्रिटिश बॉम्बफेकी दलाच्या सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. त्यांच्या कित्येक विमानांतून एकही माणूस परतला नाही, मग त्यांच्या अंधारात कोणी कोणासाठी काय केले, याचा तपशील कोणत्या दप्तरात सापडणार? मिनार्स्कीचे शौर्य अलौकिकच होते. पण ते आपल्याला ठाऊक झाले ते साक्षी जिवंत राहिला म्हणून, आणि त्याच्या गौरवात त्या अज्ञातांचाही वाटा मानणे न्याय्य ठरेल.

फ्रान्समधील मेआरिकूर येथे त्याची कबर आहे. मिडलटन सेंट जॉर्ज येथे २००५ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. कॅनडातील हॅमिल्टनच्या विमान-संग्रहालयाने एक लँकॅस्टर दुरुस्त करून, त्यावर त्याच्या विमानाची अक्षरे रंगवून, १९८८ मध्ये ते पुन्हा आकाशात नेले. २०१४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेले, आणि जगात उड्डाणक्षम राहिलेली दोनच लँकॅस्टर विमाने, हे व ब्रिटिश हवाई दलाकडचे, तेथे जोडीने उडाली.