घाटपायथ्याचे पातूर

वऱ्हाडाचे दोन नैसर्गिक भाग परंपरेने मानले जातात: पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सखल, काळ्या मातीचा पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेकडचा, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेला उंच बालाघाट. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी पायनघाट सोडून चढणीला लागतो, त्या पायथ्याशी पातूर वसले असून गावालगत पूर्वेच्या डोंगरउतारात काळ्या खडकात कोरलेली जुनी लेणी आहेत. वऱ्हाडाच्या इतिहासात पातूरचे नाव येते ते लढायांसाठी किंवा राजधानीसाठी नव्हे, तर घाटाच्या तोंडाशी माणसे थांबत असल्यामुळे, आणि लेणी, दर्गा व देवस्थान ही तिन्ही स्थळे या थांब्याच्या संदर्भात पाहिली तर त्यांचे एकमेकांशी असलेले नाते समजू लागते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी वऱ्हाडाच्या गॅझेटियरात, म्हणजे प्रदेशाचा भूगोल, इतिहास आणि महसूल यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात, या लेण्यांना ‘विहार’ म्हटले आहे. विहार म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या निवासाची जागा. पुढे ओसरी, ओसरीला आधार देणारे खांब आणि आत खोदलेली दालने, अशी त्याची रचना सामान्यतः असते. पातूरच्या लेण्यांत नक्षीकाम नाही, हीच गोष्ट त्या अधिकाऱ्यांना विशेष जाणवली. खांबांवर टेकलेल्या आडव्या पाषाणी तुळ्यांवर काही अक्षरे होती, परंतु ती त्यांना वाचता आली नाहीत. आत मांडी घालून बसलेली एक भग्न मूर्ती होती व ती जैन असावी, असाही तर्क झाला. विहार म्हणायचे आणि मूर्ती जैन मानायची, या विसंगतीचा दोष एकट्या गॅझेटियरकारांना देता येत नाही. शिल्पावरून पंथ ठरवायचा आणि पंथावरून काळ, ही त्या पिढीची रूढ रीत होती. पातूरला शिल्पच जवळपास नसल्याने ती रीत पहिल्याच पायरीवर अडली.

काळाचा विचार करताना रस्त्याचे दुसरे टोक उपयोगी पडते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा चौथ्या शतकात सर्वसेनाने स्थापन केली आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या काळी तिचा उत्कर्ष झाला. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिल्याचे तेथील शिलालेखावरूनच समजते, तर याच शाखेचा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली दानाची सनद, 1939 मध्ये वाशीमला सापडला. वत्सगुल्माहून पूर्णेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवर पातूर पडते, म्हणून येथील लेण्यांचा संबंध वाकाटक काळाशी जोडण्यास भौगोलिक आधार मिळतो. मात्र अजिंठ्यामागे मंत्री आणि श्रेष्ठींचे द्रव्य उभे होते. तशा आश्रयाविना खोदलेल्या लेण्यात खडक पोखरून निवारा करण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. अशा साध्या लेण्यांकडे अजिंठ्याची कमअस्सल प्रत म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांनी सोडणे बरे. तुर्कस्तानातील कपाडोकिया येथे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील संन्याशांनी मऊ ज्वालामुखीय खडकात कोरलेल्या लहानलहान प्रार्थनागृहांतही चित्रांनी भरलेल्या भिंतींबरोबरच केवळ लाल रेघांवर भागवलेल्या भिंती आढळतात, आणि तेथील इतिहासकार दोहोंचीही नोंद सारख्याच गांभीर्याने घेतात.

लेण्यांनंतर बऱ्याच शतकांनी पातूरला नवी ओळख मिळाली. शेख अब्दुल अजीज ऊर्फ शेखबाबू हे सूफी सत्पुरुष 1378 मध्ये दिल्लीहून येथे आले आणि अकरा वर्षांनी येथेच निवर्तले, अशी गॅझेटियरात नोंदलेली परंपरा आहे. त्यांच्या कबरीवरील दर्ग्याची दुरुस्ती 1606-07 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याने केली, असेही त्यात म्हटले आहे. अकबर व जहांगीर या दोन्ही बादशहांच्या काळात दख्खनची मोहीम सांभाळणारा आणि हिंदी दोह्यांसाठी ‘रहीम’ म्हणून ओळखला जाणारा तो हाच सरदार होय. अकबरकालीन ‘आईन-ए-अकबरी’त नरनाळा सरकारातील (सरकार म्हणजे सुभ्याखालचा महसुली विभाग) परगण्यांत या गावाचे नाव ‘पातूर शेखबाबू’ असेच येते. सत्पुरुषाच्या मृत्यूनंतर सुमारे दोन शतकांनी त्यांचे नाव महसुलाच्या दप्तरात स्थिर झाले होते, हे यावरून दिसते. अकोल्याजवळच पातूर नंदापूर नावाचे दुसरे गाव असल्याने हे जोडनाव व्यवहारातही सोयीचे ठरत असावे.

दर्ग्याच्या जोडीने नानासाहेबांच्या नावाने ओळखले जाणारे हिंदू देवस्थानही प्रसिद्धीस आले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे वर्षात दोन जत्रा भरत: हिंदूंची जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महिनाभर चाले आणि मुसलमानांची तीन दिवस. महिनाभर चालणारी जत्रा केवळ दर्शनासाठी भरत नाही. खरिपाचे पीक घरात आल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती थोडी सवड आणि थोडा पैसा येतो तो याच हंगामात, आणि पायनघाटचा कापूस पिकवणारा मुलूख व बालाघाटची गावे यांची गाठ पडण्यास घाटाच्या पायथ्यासारखी दुसरी जागा नव्हती. भिक्षूंनी, सूफीने आणि जत्रेकऱ्यांनी एकच गाव निवडले, ते या कारणाने.