ऐकण्याचा संदर्भ : कमांड लाइन आणि बोलीचा अभ्यास

छापील ग्रंथाचा आधार देताना आपण पृष्ठक्रमांक देतो, कवितेचा देताना ओळ सांगतो. पण ध्वनीचा आधार द्यायचा कसा? बोलीच्या अभ्यासात हा प्रश्न टाळता येत नाही.

वर्धा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. वर्ध्याची बोली त्यात 'नागपुरी' या सदराखाली येते. नदीपलीकडील वऱ्हाडीशी तिचे नाते निकटचे आहे. नमुना म्हणून बोलीबोलींतून बायबलमधील उधळ्या मुलाची कथा छापली गेली. नमुने मोलाचे आहेत, पण ती अक्षरे आहेत. बोलणारा 'डोळा' म्हणाला, 'डोया' म्हणाला, की या दोहोंच्या मधले काही, हे लिहून घेणाऱ्याच्या कानाने ठरवले. तो निर्णय पडताळण्याचा मार्ग वाचकापाशी नाही.

पुढे त्याच सर्वेक्षणासाठी अनेक भाषांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि आवाज टिकला. एखादा उच्चार पुन्हा ऐकायचा तर मात्र सुई हाताने अंदाजाने टेकवावी लागे. कॅसेटयंत्रावर आकडे फिरत, पण एका यंत्राचे आकडे दुसऱ्याशी जुळतीलच असे नसे. संगणकाच्या पडद्यावरील सरकपट्टीनेही ही अडचण मिटली नाही. माउसने ती ओढली की नेमके कुठे थांबलो, याची लेखी खूण मागे राहत नाही.

उत्तर मिळाले ते जुन्याच वाटेने. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीत संगणकाला आज्ञा टंकित ओळीने दिली जाई. हंगेरीतील आर्पाद गेरेओफी यांनी २००० साली सुरू केलेल्या एमप्लेअरने तीच रीत ध्वनी-चित्र वाजवण्याला लावली. फाइलच्या नावाबरोबर 'एसएस' या पर्यायापुढे आरंभाचा क्षण, 'एंडपॉस'पुढे तुकड्याची लांबी, 'स्पीड'पुढे वेग आणि 'लूप'पुढे आवर्तनांची संख्या लिहायची. त्याच्या 'स्लेव्ह' पद्धतीत दुसरी आज्ञावलीही थांबण्याचे, पुढे सरकण्याचे, आवाज कमी करण्याचे हुकूम एकेका ओळीने पाठवू शकते. २०१३ साली याच घराण्यातून निघालेल्या एमपीव्हीने हा वारसा पुढे चालवला.

वरकरणी ही सोय क्षुल्लक वाटेल. पण तिच्यामुळे ऐकण्याची कृती लिखित होते. वहीत उतरवलेली ती एक ओळ दुसऱ्या अभ्यासकाने टंकली की त्याला तोच तुकडा, त्याच वेगाने ऐकू येतो. पृष्ठक्रमांक ग्रंथासाठी जे करतो, ते ही ओळ ध्वनीसाठी करते.

तिला मर्यादाही आहे. ओळ मूळ आवाजाकडे नेत नाही, त्याच्या एका प्रतीकडे नेते. जुनी तबकडी चुकीच्या गतीने उतरवून घेतली असेल तर सेकंदही बदलतात आणि स्वरही. म्हणून फाइल कोणत्या तबकडीवरून वा फितीवरून, कोणत्या गतीने घेतली, याची नोंद त्या ओळीशेजारी असायलाच हवी. पाठचिकित्सेत प्रतींची वंशावळ आपण याच कारणासाठी मांडतो.

अखेरीस प्रश्न अधिकाराचा आहे. ओवी लिहून घेणारा विद्यार्थी 'डोया' लिहितो आणि शिक्षक त्याचा 'डोळा' करतो, तेव्हा पुरावा नसेल तर वडीलधाऱ्या कानाचाच जय होतो. बारा सेकंदांचा तुकडा सांगणारी एक ओळ असेल, तर दोघांनाही पुन्हा ऐकावे लागते, आणि शेवटचा शब्द ओवी गाणाऱ्या बाईचा ठरतो.