दगडांच्या रिंगणातली माणसं

जगात पुष्कळ ठिकाणी जुन्या काळच्या माणसांनी आपले मृत गुहांमध्ये ठेवले. आपल्या भागात मात्र दगडांची रिंगणं आहेत. सौंसरहून सावनेरमार्गे आपण नागपूरला खरेदीला जातो, दवाखान्यात जातो; त्याच नागपूरच्या उशाशी, काटोल रोडवर जुनापाणी आहे. तिथं माळावर मोठमोठे दगड गोल मांडलेले दिसतात. काहींवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली या रिंगणांवर लिहिलं. ही दफनं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

पुढं डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा इथं आणि १९७० ते ७२ मध्ये माहूरझरीला उत्खनन केलं. हेच देव जैन श्रमणसंघाच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. त्यांचा तो ग्रंथ १९५६ चा. सगळं सोडून निघणाऱ्या साधूंचा अभ्यास करणाऱ्यानं, मेल्यावरही सगळं सोबत दिलेल्या माणसांच्या कबरी उकलल्या, याचं मला नवल वाटतं.

काय काय दिलं होतं सोबत? काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, तांब्याच्या बांगड्या, मणी, कुठं सोन्याचे दागिने. झाकणावर पक्षी बसवलेली तांब्याची भांडी. काही ठिकाणी घोड्याची हाडं नि त्याचा साज. पण हे सगळ्यांना मिळालं नाही. कुणाच्या वाट्याला नुसती मडकी आली. म्हणजे लहान-मोठं हा भेद तेव्हाही होताच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एवढे दगड एका घराच्यानं हलत नाहीत. ते आणायला, मांडायला, वर माती लोटायला गाव लागतं. त्यांची स्वतःची घरं लाकूड-कुडाची होती, ती केव्हाच गेली. दगड लावला तो गेलेल्या माणसासाठी.

त्याही आधी, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात, तान्ही लेकरं गेली की दोन मडक्यांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. तिथली भाषा आपल्याला ठाऊक नाही, नावंही नाहीत. पण लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ नये असं वाटणारी ती आई कुणाही बाईला कळेल.

आज नागपूर पसरतंय. वावर सपाट करायला, पायव्यात घालायला हे दगड उचलले जातात. एकदा दगड हलला की खालचं काही वाचता येत नाही, कारण कोणती वस्तू कुणाच्या उशाशी होती, हेच तर वाचायचं असतं. म्हणून सांगते बायांनो, तुमच्या माहेरच्या किंवा सासरच्या वावरात असं रिंगण असेल, तर घरच्यांना म्हणा, ट्रॅक्टर थोडा वळवून न्या. पोरांना तिथं घेऊन जा नि सांगा, आपल्या आधी इथं माणसं राहत होती.