ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातील सेंद्रिय आम्ले

सेंद्रिय आम्ले ही मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या (ब्रॉयलर) कोंबड्यांच्या खाद्यात किंवा पिण्याच्या पाण्यात मिसळली जाणारी पूरके आहेत. खाद्य टिकवणे, आतड्यातील अपायकारक जीवाणूंना आळा घालणे आणि पचन सुधारणे हे त्यांच्या वापराचे मुख्य उद्देश होत. फॉर्मिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, लॅक्टिक, सायट्रिक आणि फ्युमॅरिक ही यांतील प्रमुख आम्ले असून ती मुक्त स्वरूपात किंवा कॅल्शियम, सोडियम यांच्या क्षारांच्या रूपात वापरली जातात.

पार्श्वभूमी

वाढ जलद व्हावी म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. त्यातून प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू निर्माण होऊन ते माणसांपर्यंत पोहोचण्याचा धोका लक्षात आला. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून अशा वापरावर बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी व पशुखाद्यपूरकांमध्ये कोलिस्टिनच्या वापरास मनाई केली. या निर्बंधांमुळे पर्याय म्हणून सेंद्रिय आम्लांचे महत्त्व वाढले.

कार्यपद्धती

आयनीभवन न झालेला आम्लाचा रेणू जीवाणूच्या पेशीपटलातून आत शिरतो. पेशीद्रव्याचा सामू उदासीनच्या जवळ असल्याने तेथे त्याचे आयनीभवन होऊन हायड्रोजन आयन मुक्त होतात. ते बाहेर टाकण्यात जीवाणूची ऊर्जा खर्ची पडते व त्याची वाढ खुंटते. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्यावर हा परिणाम ठळकपणे दिसतो. उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जीवाणू मात्र आम्लता बऱ्याच अंशी सहन करतात.

प्रत्येक आम्लाचे कार्य सारखे नसते. फॉर्मिक आम्ल प्रामुख्याने जीवाणूंविरुद्ध, तर प्रोपिऑनिक आम्ल बुरशीविरुद्ध प्रभावी ठरते. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा पुरवते आणि अन्नरस शोषणाऱ्या रसांकुरांच्या वाढीस साहाय्य करते.

मर्यादा

मुक्त आम्लांचा बराचसा भाग अन्नपिशवी, जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषला जातो किंवा त्याचे आयनीभवन होते. त्यामुळे आतड्याच्या पुढील भागापर्यंत पोहोचण्यासाठी आम्लावर मेदाचे आवरण चढवतात किंवा ब्युटिरिक आम्लाची ग्लिसराइडे वापरतात. खाद्यातील चुनखडी व प्रथिनयुक्त पेंड आम्लता शोषून घेतात, त्यामुळे सामू अपेक्षेइतका उतरत नाही. जास्त मात्रेने खाद्याची रुची घटते. तसेच तीव्र आम्लांमुळे धातूची उपकरणे गंजतात व हाताळणाऱ्यांच्या त्वचेस इजा होऊ शकते.

प्रोपिऑनिक आम्ल दमट मक्यावर बुरशी वाढू देत नाही; परंतु आधीच तयार झालेले अफ्लाटॉक्सिन त्यामुळे नष्ट होत नाही. वजनवाढ व खाद्य रूपांतरण यांवरील परिणाम आम्लाचा प्रकार, मात्रा, आहाराची रचना आणि शेडमधील स्वच्छतेनुसार बदलतो. म्हणून सेंद्रिय आम्ले स्वच्छता, लसीकरण आणि जैवसुरक्षा यांना पूरक मानली जातात. ती त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.