तो नेम होता की पास?

अमेरिकेत दरवर्षी मार्च महिना आला की टीव्हीवर एक जुनी चित्रफीत हमखास दिसते. एक खेळाडू बास्केटपासून जवळजवळ तीस फुटांवरून चेंडू भिरकावतो. चेंडू कडीपर्यंत पोचतच नाही. कडीखाली उभा असलेला त्याचा सहकारी तो हवेतच धरतो आणि वरून कडीत कोंबतो. वेळ संपते. मग विस्कटलेल्या केसांचा एक प्रशिक्षक मैदानभर सैरावैरा पळत सुटतो. त्याला कुणाला तरी मिठी मारायची आहे आणि मिठी मारायला कुणी सापडत नाही.

ही ४ एप्रिल १९८३ ची रात्र. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरात कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने ह्यूस्टन विद्यापीठाला ५४-५२ असं हरवलं. आपल्याकडे १९८३ म्हटलं की कपिल देव आणि लॉर्ड्स आठवतं. तो जूनमधला किस्सा. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी अमेरिकेत हा सामना झाला, आणि तिथे त्याच्या आठवणी आजही तितक्याच हिरिरीने निघतात.

त्या आठवणींमध्ये एक शब्द सतत येतो, चमत्कार. मला या शब्दाबद्दल शंका आहे.

आधी ह्यूस्टनचा संघ कसा होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर धक्क्याचा अंदाज येणार नाही. सलग २६ सामने जिंकून ते अंतिम फेरीत आले होते. देशात पहिला क्रमांक. उंच उडी मारून चेंडू थेट कडीत ठोकायचा, ज्याला डंक म्हणतात, ही त्यांची खासियत. ह्यूस्टनमधल्या एका वार्ताहराने कॉलेजच्या विद्यार्थी-मंडळांच्या ग्रीक नावांच्या धर्तीवर त्यांना ‘फाय स्लामा जामा’ असं गमतीदार नाव दिलं होतं आणि ते चिकटलं होतं. गंमत अशी की हाच डंक १९६७ ते १९७६ कॉलेजच्या खेळात बेकायदा होता. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, याच्या उंचीला आवर घालण्यासाठी ती बंदी आली असं तेव्हा सर्रास मानलं जाई. बंदी उठून सात वर्षं होत होती, आणि ह्यूस्टनच्या पोरांनी तिची सव्याज वसुली चालवली होती. उपांत्य सामन्यात त्यांनी लुइसव्हिलला ९४-८१ असं धुतलं, तेव्हा बघणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की खरी अंतिम लढत हीच झाली. आता सोमवारी फक्त करंडक घ्यायला जायचं.

या संघाच्या मध्यभागी वीस वर्षांचा एक मुलगा होता. नायजेरियातल्या लागोस शहरातला, योरुबा मुस्लीम घरातला. लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळला, फुटबॉलमध्ये गोलकीपर. बास्केटबॉल हातात घेतला तोच पंधराव्या वर्षी. १९८० मध्ये तो ह्यूस्टनला आला आणि तिथे त्याचं नाव लिहिलं गेलं ‘अकीम’ ओलाजुवान. सुरुवातीचा ‘ह’ गळाला. हकीम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काढे आणि नाडी येते, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ शहाणा, विवेकी. तर अंतिम सामन्याच्या सगळ्या बातम्यांत तो अकीम आहे. तो ‘ह’ त्याने १९९१ मध्ये परत मागून घेतला.

आता समोरचा संघ. मार्चच्या सुरुवातीला त्यांची नोंद होती १७ विजय आणि १० पराभव. एवढ्यावर राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण मिळण्याची खात्री नव्हती. आपल्या गटाची स्पर्धा जिंकली तरच. जानेवारीत त्यांचा मुख्य नेमबाज डेरेक व्हिटेनबर्ग याच्या पायाचं हाड मोडलं होतं. तो नसताना संघ हरला, पण इतरांना लांबून नेम मारायची सवय लागली. तो परतला तेव्हा हातात एकाऐवजी दोन-तीन नेमबाज होते. गटाच्या स्पर्धेत त्यांनी वेक फॉरेस्टला एका गुणाने, मायकल जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलिनाला जादा वेळेत आणि राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला तीन गुणांनी हरवलं. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना विभागात सहावं मानांकन मिळालं. तिथे पेपरडाइनला हरवायला दोन वेळा जादा वेळ खेळावी लागली. लास व्हेगासच्या संघाविरुद्ध एक गुण. व्हर्जिनियाशी पुन्हा गाठ पडली, पुन्हा एक गुण, ६३-६२. त्या सामन्यातले निर्णायक दोन फ्री थ्रो लोरेन्झो चार्ल्स नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने घातले होते. हे नाव लक्षात ठेवा.

एकदा एका गुणाने जिंकला तर नशीब म्हणा. पण असं पुन्हा पुन्हा होत असेल तर त्यात काही पद्धत आहे का, हे पाहायला नको? पद्धत होती, आणि ती समजायला तेव्हाचे नियम माहीत हवेत. १९८३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे ठरावीक सेकंदांत नेम मारलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. पुढे असलेला संघ चेंडू आपसात फिरवत वेळ मारून नेऊ शकत होता. मागे पडलेल्याने काय करायचं? स्टेटचे प्रशिक्षक जिम वाल्व्हानो यांनी उपाय काढला: मुद्दाम फाऊल करा. एका अर्ध्यात प्रतिस्पर्ध्याचे ठरावीक फाऊल भरले की फ्री थ्रो मिळत, पण पहिला पडला तरच दुसरा. पहिला चुकला की चेंडू खुला. म्हणजे दमलेल्या, घाबरलेल्या, शक्यतो वयाने लहान खेळाडूला रेषेवर उभं करायचं आणि त्याच्या हाताची थरथर आपल्या बाजूला घ्यायची. बघायला हा खेळ सुंदर नव्हता. पण त्याला चमत्कार म्हणणं म्हणजे वहीत मांडलेल्या हिशोबाला लॉटरी म्हणण्यासारखं आहे.

सामन्याआधी वाल्व्हानोंनी पत्रकारांचा समज करून दिला की आम्ही चेंडू धरून बसणार, सामना रेंगाळवणार. प्रत्यक्षात स्टेटचे पहिले गुण आले तेच थर्ल बेलीच्या डंकने. मध्यंतराला स्टेट ३३-२५ ने पुढे होतं. ह्यूस्टनचा क्लाइड ड्रेक्सलर पहिल्या अर्ध्यातच चार फाऊल करून बसला. पाचव्या फाऊलला खेळाडू बाद होतो, म्हणजे त्याचे हात बांधले गेले. मग दुसऱ्या अर्ध्यात ह्यूस्टन उसळलं. १७ गुण त्यांचे, २ स्टेटचे. ४२-३५.

इथे ह्यूस्टनचे प्रशिक्षक गाय लुइस यांनी खेळाचा वेग कमी करायला सांगितलं. चाळीस वर्षं त्यांना या एका निर्णयावरून झोडपलं गेलं आहे. पण त्यांच्या जागेवरून बघा. अल्बुकर्क समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर. ओलाजुवान धापा टाकतोय, त्याला विश्रांती द्यावी लागतेय. ड्रेक्सलर एका फाऊलवर आहे. सात गुणांची आघाडी आहे आणि घड्याळ तुमच्या बाजूने आहे. त्या काळचा कुठलाही शहाणा प्रशिक्षक हेच करता. फक्त समोरचा माणूस नेमकी याच गोष्टीची वाट बघत बसला होता. ह्यूस्टनने त्या रात्री १९ पैकी १० फ्री थ्रो घातले. ५२-४६ वरून स्टेटने लांबच्या नेमांवर ५२-५२ केलं. एक मिनिटाच्या आसपास उरलं असताना त्यांनी ह्यूस्टनच्या पहिल्या वर्षाच्या अल्विन फ्रँकलिनला फाऊल केलं. पहिलाच फ्री थ्रो चुकला.

आणि मग ते शेवटचं आक्रमण. फितीत फक्त शेवटचे चार-पाच सेकंद दाखवतात, त्यामुळे त्याआधीचं कुणाला दिसत नाही. स्टेटचा चेंडू कोपऱ्यात अडकला होता. तिथून बेलीने व्हिटेनबर्गकडे फेकला, तेव्हा ह्यूस्टनचा बेनी अँडर्स मध्ये झेपावला. त्याच्या बोटांचा चेंडूला स्पर्श झाला. चेंडू त्याच्या पंजात आला असता तर पुढे सगळं मैदान मोकळं होतं. तो पळत जाऊन डंक मारता आणि आज मार्चमध्ये दुसरी कुठली तरी फीत दाखवली गेली असती. चेंडू निसटला, उसळला, व्हिटेनबर्गने कसाबसा गोळा केला आणि फेकला. ओलाजुवान कडीपासून जरासा पुढे उभा होता. त्याच्या मागे चार्ल्स. चेंडू कमी पडतोय हे चार्ल्सने आधी ओळखलं.

व्हिटेनबर्ग आजवर मिश्कीलपणे सांगत आले आहेत की तो नेम नव्हता, पास होता. चाहते त्यावर हसतात, आणि दर खेपेला तोच वाद नव्याने घालतात. वाल्व्हानोंचीही पळण्याची स्वतःची गोष्ट होती: प्रत्येक विजयानंतर मी व्हिटेनबर्गला मिठी मारायचो, म्हणून त्याला शोधत होतो, तर तो दुसऱ्याच कुणाच्या मिठीत! राली शहरातल्या आठवणी अशा हसऱ्या आहेत. पुढचं त्या सहसा सांगत नाहीत. खेळाडूंनी बूट आणि तिकिटं विकल्याचं चौकशीत निघालं, संघावर कारवाई झाली आणि १९९० मध्ये वाल्व्हानोंना पद सोडावं लागलं. १९९३ च्या एप्रिलमध्ये, त्या सामन्याला दहा वर्षं झाली त्याच महिन्यात, ते कर्करोगाने गेले. ४७ वर्षांचे होते.

लोरेन्झो चार्ल्सही ४७ व्या वर्षीच गेला. व्यावसायिक लीगमध्ये तो एकच हंगाम टिकला, मग बाहेरच्या देशांत खेळला. २७ जून २०११ रोजी रालीतल्याच महामार्गावर एका बसला अपघात झाला. ती बस चार्ल्स चालवत होता. नोकरीच होती त्याची ती. बसमध्ये प्रवासी नव्हते. त्याचा तो डंक मात्र त्या वर्षीही मार्चमध्ये टीव्हीवर दाखवला गेला होता, आणि पुढच्या वर्षीही गेला.

ती फीत दाखवून स्पर्धेची जाहिरात होते, पैसा येतो. तो कुणाचा? कॉलेजचे खेळाडू ‘हौशी’ असतात या नावाखाली त्यांना आपल्या चेहऱ्याचा मोबदला घेण्याची मुभाच नव्हती. ती २०२१ मध्ये मिळाली, तीही तेव्हा खेळणाऱ्यांना. २०२४ मध्ये १९८३ च्या संघातल्या अनेक खेळाडूंनी कॉलेज क्रीडा संघटनेवर, म्हणजे एनसीएएवर, दावा लावला: चाळीस वर्षं आमची छबी वापरलीत, आमचं काय? साठीला आलेली, साठी ओलांडलेली माणसं. काही चाहत्यांना हे आवडलं नाही तर मी समजू शकतो, कारण आठवणीत कुणी पावती मागितली की तिचा रंग जातो. पण पावती मागणाऱ्यांचा अंगठा या आठवणीवर सगळ्यात आधी उमटलेला आहे.

ह्यूस्टनमधल्या चाहत्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे फीत तीच, पण ते तिच्यातला अँडर्स बघतात. अँडर्स नंतर अनेक वर्षं सगळ्यांच्या नजरेआड झाला. २०१६ च्या एका माहितीपटात जुने सहकारी त्याला शोधत फिरतात आणि तो सापडतोही. गाय लुइस तर या फितीचे कैदीच झाले. हा माणूस पाच वेळा संघाला शेवटच्या चारात घेऊन गेला. १९६४ मध्ये, दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांच्या भिंती उभ्या असताना, त्यांनी एल्विन हेज आणि डॉन चेनी या कृष्णवर्णीय मुलांना संघात आणलं. १९६८ च्या जानेवारीत अ‍ॅस्ट्रोडोममध्ये बावन्न हजार लोकांसमोर अल्सिंडरच्या यूसीएलएची ४७ विजयांची मालिका ७१-६९ ने तोडली, तेव्हा धक्का देणारे लुइसच होते. तरी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी. दोन वर्षांनी ते वारले. त्या एका रात्रीमुळेच इतका उशीर झाला, असं ह्यूस्टनमध्ये आजही बोललं जातं.

आणि अकीम? २० गुण, १८ रिबाउंड, ७ ब्लॉक. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, हरलेल्या संघातला. त्यानंतर आजपर्यंत हरलेल्या संघातल्या कुणालाही तो मान मिळालेला नाही. रालीच्या आठवणीत मात्र तो फक्त एक पाऊल पुढे उभा राहिलेला उंच माणूस आहे. पुढच्या वर्षी तो जॉर्जटाउनविरुद्ध पुन्हा अंतिम सामना हरला. मग ह्यूस्टनच्याच रॉकेट्स या व्यावसायिक संघात गेला, आणि दहा वर्षांनी, हकीम म्हणून, पहिलं विजेतेपद मिळवलं.

त्याच्या पुढचा हंगाम रॉकेट्सना जड गेला. १९९५ चा रमजान फेब्रुवारीत आला. हकीमने रोजे धरले, सामन्यांच्या दिवशीही, आणि लीगने त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली. १४ फेब्रुवारीला, रमजान चालू असतानाच, एका अदलाबदलीत क्लाइड ड्रेक्सलर ह्यूस्टनला परत आला. अल्बुकर्कचे दोघे पुन्हा एकाच रंगात. साखळी संपली तेव्हा रॉकेट्सकडून कुणाला फारशी आशा नव्हती. ते विजेते झाले. इतक्या खालच्या मानांकनावरून ते विजेतेपद आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेलं नाही.

त्यांचं मानांकन सहावं होतं.